पाणी, मीठ आणि जीव

(नभोवाणीवरील भाषण)



सांगली जिल्ह्याच्या वाळवें तालुक्यांतील आष्टा हें आमचें गांव. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधला हा मुलूख. पूर्वीं तो सातारा जिल्ह्यांत मोडत असे; १९४९ सालीं दक्षिण सातारा असा निराळा जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. काळी माती, ऊंस आणि हळद यांमुळें हा भाग सधन म्हणून ओळखला जातो, आणि तो सधन आहेहि. परंतु माघाच्या महिन्यांत सकाळच्या प्रहरीं एखाद्या पाणंदीनें नदीच्या बाजूस उतरलें, तर मध्येंच एक दृश्य नवख्या माणसास थबकवितें. सभोंवार ऊंस उभा असतो, हळदीची काढणी चाललेली असते, आणि त्यांच्या मधोमध एखादा सखल तुकडा पांढरा फटक दिसतो. कोणाचें पीठ सांडलें कीं काय, असें वाटतें. बोटाला लावून जिभेवर ठेवलें म्हणजे उलगडा होतो. तें मीठ असतें. समुद्र येथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, मध्यें सह्याद्रीची भिंत उभी. तरीहि रानांत मीठ फुललेलें आहे!

असाच एक तुकडा आमच्या घरचा होता. मी मॅट्रिक झाल्यावर मास्तरकी पत्करली आणि शेती थोरल्या बंधूंनीं सांभाळली. चार एकरांपैकीं खालच्या अंगाचा दीड एकर एके काळीं आमचा सर्वांत जोमदार तुकडा. तेथला ऊंस पाहावयास लोक येत. पुढें तो हळूहळू खुजा होऊं लागला. एके दिवशीं दादा शाळेच्या पडवींत येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तर, खालच्या तुकड्यात बुडाशी हात घातला तर चिखल लागतोय, आन् वरनं ऊस वाळतोय. पाण्यात उभा राहून तहानेनं मरतोय म्हंजे काय ह्ये? तुझं पुस्तक काय म्हणतंय?"

त्या दिवशीं मला उत्तर देतां आलें नाहीं. सातवीच्या मुलांना मीं पाण्याचें सूत्र शिकविलें होतें. सोडियम आणि क्लोरिन मिळून मीठ होतें, हें फळ्यावर शेंकडों वेळां लिहिलें होतें. परंतु फळ्यावरचें मीठ आणि रानांतलें मीठ एकच आहे, हें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें. दादांच्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना मला जो इतिहास वाचावयास मिळाला, तोच आज आपणांस थोडक्यांत सांगावा, असा माझा विचार आहे.

दोनशें वर्षांपूर्वीं युरोपांतील अनेक विद्वानांची अशी समजूत होती कीं, दगडमातीचें रसायनशास्त्र निराळें आणि सजीवांचें निराळें. सजीवांच्या देहांत एक जीवनशक्ति वसते आणि तिच्यावांचून देहांतील द्रव्यें उत्पन्नच होऊं शकत नाहींत, असें ते मानीत. १८२८ सालीं फ्रीडरिख व्होलर या जर्मन रसायनज्ञानें अमोनियम सायनेट या क्षारापासून युरिया तयार केल्याचें प्रसिद्ध केलें. युरिया हा प्राण्यांच्या मूत्रांत सांपडणारा पदार्थ. तो मूत्रपिंडाच्या साहाय्यावांचून कांचेच्या भांड्यांत तयार झाला. एका प्रयोगानें जुनी समजूत कांहीं मेली नाहीं, पण तिला तडा गेला. आज आमच्या गांवांत शेतकऱ्याच्या पडवींत युरियाचें पोतें हमखास दिसतें. त्या पोत्यामागें केवढा वाद होऊन गेला, हें पोतें वाहणाऱ्यास ठाऊक नसतें. आणि शिकविणाऱ्यासहि तें सांगावेंसें क्वचितच वाटतें.

आतां पाण्याकडे वळूं. १७४८ सालीं नोले नांवाच्या एका फ्रेंच धर्मोपदेशकानें साधाच प्रयोग केला. त्यानें एका भांड्यांत मद्यार्क भरला, भांड्याचें तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या पातळ कातड्यानें घट्ट बांधलें आणि तें पाण्यांत बुडवून ठेविलें. कांहीं तासांनीं पाहतो तों कातडें फुग्यासारखें वर आलेलें! बाहेरचें पाणी आंत शिरलें होतें. आंतला मद्यार्क मात्र त्या मानानें बाहेर पडला नव्हता. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत द्युत्रोशे या दुसऱ्या फ्रेंच संशोधकानें हीच क्रिया वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या देहांत चालते असें दाखवून तिला नांव दिलें. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला परासरण म्हणतात. मराठींत तिला तर्षण असाहि एक शब्द आहे, आणि मला तोच अधिक आवडतो. कारण त्यांत तृषा आहे.

घरांतील गृहिणींना ही क्रिया मुळींच नवी नाहीं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलें कीं, थोड्या वेळानें भांड्याच्या तळाशीं पाणी सुटतें. उलट, तासगांवचे बेदाणे पाण्यांत टाकले कीं ते टरारून फुगतात. दोहोंचा नियम एकच. पाण्याला वाट देणारा, पण मीठसाखरेला अडविणारा असा पडदा मध्यें असला, म्हणजे ज्या बाजूस विरघळलेला पदार्थ अधिक, त्या बाजूकडे पाणी ओढलें जातें. सजीवाच्या प्रत्येक पेशीभोंवतीं असाच एक पडदा असतो.

ही ओढ किती जबर असते, हें मोजलें विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञानें. त्यानें भाजलेल्या मातीच्या सच्छिद्र भांड्याच्या अंगांत ताम्रयुक्त क्षाराचा एक अतिसूक्ष्म पडदा बसविला, आंत साखरेचें पाणी भरलें आणि दाब मोजला. १८७७ सालीं त्यानें हीं मोजमापें प्रसिद्ध केलीं. पुढें ॲम्स्टरडॅम येथें ह्यूगो द व्ह्रीस या वनस्पतिशास्त्रज्ञानें आपला सहकारी व्हान्ट हॉफ यास या प्रयोगांची माहिती दिली. व्हान्ट हॉफ हा रसायनज्ञ. त्यानें ते आंकडे पाहिले आणि त्यांतून असा नियम काढला कीं, पाण्यांत विरघळलेले कण जणूं हवेंतल्या वायूच्या कणांप्रमाणेंच दाब उत्पन्न करितात. रसायनशास्त्राचें पहिलें नोबेल पारितोषिक १९०१ सालीं याच व्हान्ट हॉफला मिळालें. वनस्पतिशास्त्रज्ञानें मोजावें आणि रसायनज्ञानें त्याचा अर्थ लावावा, असा हा सहकार होता.

दादांच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें मिळतें. उंसाच्या मुळांतील रस हा मातींतील पाण्यापेक्षां अधिक दाट असतो, म्हणून पाणी मुळांत शिरतें. मातींतल्या पाण्यांत मीठ वाढत गेलें म्हणजे ही ओढ मंदावते. फारच वाढलें म्हणजे कैरीच्या फोडीची गत मुळाची होते. त्यांतच मातीच्या बारीक पोकळ्या पाण्यानें भरून गेल्यामुळें मुळांस हवाहि मिळत नाहीं. म्हणजे दादांचें बोलणें अक्षरशः खरें होतें. पीक पाण्यांत उभें राहून तहानेनेंच मरत होतें.

परंतु मीठ म्हणजे विष, असा समज मात्र कोणी करून घेऊं नये. १८८४ सालीं स्वीडनमध्यें स्वांते आऱ्हेनियस या तरुणानें आपला प्रबंध विद्यापीठास सादर केला. क्षार पाण्यांत पडला कीं त्याचे विद्युद्भारित तुकडे मोकळे होतात, अशा विचाराची त्यांत सुरुवात होती. परीक्षकांना तो पटला नाहीं. त्यांनीं त्याला हलकी श्रेणी दिली. १८८७ सालीं हा सिद्धान्त त्यानें पूर्णपणें मांडला आणि १९०३ सालीं त्याबद्दल त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. या तुकड्यांना आपण आयन म्हणतों. मिठाचा एक कण पाण्यांत पडला म्हणजे सोडियमचा एक आणि क्लोरिनचा एक असे दोन आयन होतात. म्हणूनच तेवढ्याच कणसंख्येच्या साखरेपेक्षां मिठाची ओढ जवळजवळ दुप्पट भरते.

या आयनांवर प्राण किती अवलंबून असतात, हें लंडनच्या सिडनी रिंगर या डॉक्टरास एका चुकीमुळें कळलें. बेडकाचें हृदय देहाबाहेर काढून मिठाच्या पाण्यांत ठेवलें असतां तें पुष्कळ वेळ धडधडतें, असें त्यानें १८८२ सालीं लिहिलें. हें द्रावण उर्ध्वपातित, म्हणजे वाफेपासून मिळविलेल्या शुद्ध पाण्याचें आहे, अशी त्याची समजूत होती. मागाहून कळलें कीं तें नळाचें पाणी होतें. खरोखरीच्या शुद्ध पाण्यांत तेवढेंच मीठ घालून पाहतां हृदय लवकरच थांबलें. नळाच्या पाण्यांत जो चुन्याचा अंश होता, म्हणजे कॅल्शियम होतें, त्याच्यामुळेंच तें चालत होतें. रिंगरनें १८८३ सालीं आपली चूक स्वतःच छापून कबूल केली, आणि त्या कबुलीतूनच वैद्यकास एक मोठें सत्य लाभलें. सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम यांचें प्रमाण जुळलें पाहिजे. नाहींतर हृदयहि चालणार नाहीं. आज रुग्णाच्या शिरेंतून जें मिठाचें पाणी चढवितात, त्यांत शेंकडा ०.९ मीठ असतें. समुद्राच्या पाण्यांत क्षारांचें प्रमाण सुमारें साडेतीन टक्के आहे. सलाईन उपकारक आणि समुद्राचें पाणी घातक, हा सारा प्रमाणाचा खेळ होय.

याच ज्ञानाचा केवढा उपयोग झाला, तें आपल्या पिढीनें पाहिलें. १९७१ सालीं बांगलादेशच्या युद्धाच्या वेळीं पश्चिम बंगालमधील बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत पटकीची सांथ आली. शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचें द्रावण मोठ्या पिंपांतून तोंडानें पाजण्याचा धीर केला. आंतड्यांत ग्लुकोज शोषली जातांना आपल्याबरोबर सोडियमला आंत नेते आणि त्यांच्यामागें पाणी ओढलें जातें, हें शास्त्र तत्पूर्वीं दहाएक वर्षांत स्पष्ट झालेलें होतें. त्या छावणींत पूर्वीं शंभरांत तिसाच्या घरांत मृत्यु होत, ते चारांच्या खालीं आले. मिठाच्या ज्या ओढीनें आमचा ऊंस वाळविला, तिनेंच तेथें मुलें जगविलीं. नियम दोहींकडे एकच. जाणून वापरला आणि न जाणतां वापरला, एवढाच काय तो भेद.

मग आमच्या रानांत हें मीठ आलें कोठून? त्याचें उत्तर साध्या त्रैराशिकाचें आहे. नदीचें गोडें पाणी आपण गोडें म्हणतों, पण त्यांतहि दगडमातींतून झिजून आलेले क्षार असतातच. समजा, एक लिटर पाण्यांत ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत; चवीला तें कळणारहि नाहीं. उंसाला मोकाट पाणी दिलें, तर पिकाच्या मुदतींत दोन मीटर उंचीचें पाणी सहज लागतें. एका एकरावर दोन मीटर पाणी म्हणजे सुमारें ८,००० घनमीटर. त्यांतून एकरीं २,४०० किलो, म्हणजे २४ क्विंटल क्षार एका पिकाबरोबर रानांत येतात. पाणी कांहीं उन्हानें उडून जातें, बरेंच पिकाच्या पानांवाटे जातें. क्षार मात्र बहुतेक सारे मागें राहतात. निचरा चांगला असेल तर पावसाळ्यांत ते वाहून जातात. नसेल, तर दहावीस वर्षांत किती सांचतील, याचा हिशेब सातवीचा मुलगाहि करील. शिवाय जमिनीखालचें पाणी दीडदोन मीटरांच्या आंत चढून आलें, म्हणजे दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें तें मातींतून वर चढतें, उडून जातें, आणि पोटांतलें मीठ पृष्ठभागावर ठेवून जातें. माघांत दिसणारें पांढरें पीठ तें हेंच.

पण खारवट जमीन हा रोगाचा पहिला टप्पा. दुसरा टप्पा याहून वाईट. त्याला आमच्याकडे चोपण म्हणतात. चोपण जमीन ओली असतां चिकट, वाळली कीं दगडासारखी, आणि पाणी घातलें तर तें वरच तुंबतें. याचें कारण समजण्यास इंग्लंडमधील एक जुना प्रयोग पाहिला पाहिजे. यॉर्कशायरमधील एच. एस. थॉम्पसन या शेतीच्या अभ्यासकानें मातीनें भरलेल्या नळींत अमोनियम सल्फेट या खताचें पाणी ओतलें. खालीं तेंच खत गळून यावें, अशी कोणाचीहि अपेक्षा असणार. पण खालीं आलें जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचा क्षार! मातीनें अमोनियम धरून ठेविला आणि त्याच्या बदल्यांत आपल्याजवळचा कॅल्शियम सोडून दिला. थॉम्पसनचें हें निरीक्षण १८५० सालीं प्रसिद्ध झालें, आणि जे. टी. वे या रसायनज्ञानें त्याच सालीं अनेक प्रयोगांनीं त्याचा खुलासा केला. माती म्हणजे नुसती भुकटी नव्हे. ती आयनांची देवघेव करणारी पेढी आहे.

काळ्या मातीच्या सूक्ष्म कणांवर कॅल्शियम बसलेला असतो तोंवर ते कण गुच्छागुच्छानें राहतात, आणि त्यांच्यामधून पाणी व हवा खेळते. मातींत सोडियम फार वाढला म्हणजे तो कॅल्शियमला हुसकून त्याच्या जागीं बसतो. मग गुच्छ फुटतात, कण विखुरतात, पोकळ्या बुजतात आणि जमिनीचा श्वास कोंडतो. तिच्यांत सोड्याचा अंश वाढून ती अल्कधर्मी होते. ही अल्कता मोजण्याचें माप डेन्मार्कमधील सोरेनसेन यानें १९०९ सालीं सुचविलें. तो कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत काम करीत होता, आणि विकरें म्हणजे एन्झाइमें आम्लता बदलली कीं मंदावतात, हें त्याच्या अनुभवास येत होतें. त्याच्या मापाला आपण सामू म्हणतों. सात म्हणजे ना आम्ल ना अल्क; साडेआठाच्या वर गेलेली जमीन चोपण होत चालली, असें समजतात.

सोरेनसेनचें माप आमच्या शाळेंत कोठून असणार? पण सांगली ही हळदीची पेठ. आणि हळद हीच एक दर्शक आहे, हें आपल्या आयाबहिणी पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. धोतरावर पडलेला हळदीचा डाग साबण लागतांच लाल होतो. हळदींत चुना कालवला म्हणजे लाल रंग येतो, आणि पूर्वीं घरोघरीं कुंकूहि हळदीवर अशाच क्रिया करून करीत. मीं मुलांकडून टीपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यांत बुडवून वाळवून घेतल्या, आणि आम्ही सारे दादांच्या रानांत गेलों. पांढऱ्या भागांतली माती पाण्यांत कालवून पट्टी बुडविली. ती पिवळीच राहिली. पलीकडच्या कोंपऱ्यांत अर्धा एकर जमीन काळी, टणक आणि भेगाळ होती. तेथें मीठ फारसें दिसत नसल्यामुळें दादा तिला बरी समजत होते. तेथल्या मातीच्या पाण्यांत पट्टी बुडवितांच ती विटकरी लाल झाली. एका शेतांत दोन रोग होते, आणि जो डोळ्यांना कमी दिसत होता तोच अधिक भयंकर होता. मुलांना मोठी मौज वाटली. दादा मात्र कांहीं न बोलतां ती पट्टी हातांत धरून उभे राहिले.

येथवर मीं सांगितलें तें परदेशांतील विद्वानांविषयीं. परंतु या इतिहासाचा एक अध्याय आपल्या महाराष्ट्रांतच लिहिला गेला, आणि तोच आपण विसरलों, याचें मला अधिक वाईट वाटतें. पुणें जिल्ह्यांत नीरा नदीचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. दुष्काळी मुलुखांत बारमाही पाणी आलें, ऊंस आला, पैसा आला. पंचवीस वर्षांच्या आंतच नीरेच्या खोऱ्यांत जमिनी पांढऱ्या पडूं लागल्या. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि मृदारसायनज्ञ व्ही. ए. ताम्हाणे यांनीं त्या जमिनींचा अभ्यास करून १९१० सालीं नीरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. सोरेनसेनचें माप निघून तेव्हां जेमतेम एक वर्ष झालें होतें. पुढें क्लॉड इंग्लिस या अभियंत्यानें दख्खनच्या कालव्यांखालील भूगर्भांतील पाणी आणि निचरा यांचा अभ्यास चालविला. नीरेच्याच कालव्यावर पाडेगांव येथें १९३२ सालीं ऊंस संशोधन केंद्र निघालें.

याहि आधीं, आमच्यापासून जवळच, वारणेपलीकडे कोल्हापुरास बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७-१९०६) यांनीं रसायनशास्त्रासह अनेक शास्त्रांवर मराठींत ग्रंथ लिहिले होते. म्हणजे रसायनशास्त्र मराठींत नव्हतें, असेंहि म्हणतां येत नाहीं. जमिनीचा रोग कळला होता, त्याचें कारण कळलें होतें, आणि तें समजण्यास लागणारी विद्या आपल्या भाषेंत उतरूं लागली होती.

आणि तरीहि कृष्णाकांठीं तेंच पुन्हां घडलें. १९५० नंतर सांगलीच्या बाजूस सहकारी साखर कारखाने निघूं लागले, पुढच्या दशकांत कोयनेचें धरण पुरें झालें, नदीवर ठिकठिकाणीं उपसा सिंचनाच्या योजना झाल्या. यांत दोष कोणाचा नव्हता. पाण्यानें आमच्या घरांत दोन वेळचें अन्न आणि पोरांच्या हातांत पुस्तकें आणलीं, हें मी विसरूं शकत नाहीं. माझें शिक्षणहि त्याच उंसाच्या पैशावर झालें. पण पाणी आणण्याची जेवढी घाई झाली, तेवढी पाणी बाहेर काढण्याची झाली नाहीं. ओढे बुजवून त्यांवर ऊंस लावला गेला. चर मुजले. पाणी अधिक दिलें कीं पीक अधिक, हा समज घट्ट होऊन बसला. वाळवें, मिरज आणि पलीकडे शिरोळ या तालुक्यांतील सखल जमिनी एकामागून एक पांढऱ्या पडत गेल्या.

यावर उपाय आहे, आणि तोहि रसायनशास्त्रानेंच सांगितलेला आहे. पहिला उपाय निचरा. जमिनीखालीं सच्छिद्र नळ घालून खारें पाणी ओढ्यांत सोडावयाचें. खारवट जमिनीस बहुधा एवढें आणि गोड्या पाण्याची धुलाई पुरते. चोपण जमिनीस मात्र जिप्सम घालावें लागतें. येथें थॉम्पसनचा प्रयोग उलट्या बाजूनें चालतो: जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला हुसकून मातीच्या कणांवर आपली जुनी जागा परत घेतो, आणि मोकळा झालेला सोडियम निचऱ्याच्या पाण्याबरोबर बाहेर जातो. निचरा नसेल तर जिप्सम घालणें व्यर्थ. चोराला घराबाहेर काढावयाचें आणि दार मात्र बंद ठेवावयाचें, असा तो प्रकार होईल. त्यानंतर धैंचा किंवा ताग यांसारखें हिरवळीचें खत, आणि उंसाला मोकाट पाण्याऐवजीं ठिबक. आमच्याच जिल्ह्यांत कसबे डिग्रज येथील कृषि संशोधन केंद्रांत या जमिनींवर काम चालतें.

सांगावयास हें सोपें, करावयास अवघड. आमच्या तुकड्याचें पाणी ओढ्यापर्यंत न्यावयाचें, तर मध्यें दुसऱ्या दोघांचीं रानें. नळ आमच्या बांधाखालून नको, असें प्रत्येकाचें म्हणणें. ज्याचें रान उंचावर त्याला पाण्याची काळजी नाहीं. ज्याचें सखल, त्याच्या हातीं वाट नाहीं. आयनांना जात नाहीं, बांध नाहीं आणि सातबाराहि नाहीं. ते उताराकडे जातात. माणसांना हें पटण्यास चार वर्षें लागलीं. मधल्या दोन्ही रानांत पांढरे डाग दिसूं लागले, तेव्हां कोठें पांच जणांनीं मिळून नळ घातले. तीन पावसाळे धुलाई झाल्यावर खारवट एकरांत धैंचा उभा राहिला, मग गहूं आला. चोपण कोंपरा मात्र पुरता सुधारला नाहीं. तो अर्धा एकर आजहि वेड्या बाभळींखालीं आहे.

धैंचा गाडला त्या दिवशीं दादा बांधावर बसले होते. मीं उत्साहानें त्यांना नीरेच्या खोऱ्याची हकीकत सांगितली, १९१० सालच्या पुस्तिकेविषयीं सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "म्हंजे आपल्या आज्याच्या वक्ताला हे ठावं हुतं?" मीं होय म्हटलें. थोड्या वेळानें ते म्हणाले, "मग मास्तर, आदी का न्हाई सांगितलंस?"

मला कोणीं सांगितलें नव्हतें, हें माझें उत्तर खरें होतें. पण तें पुरेसें नव्हतें. पाण्याचें सूत्र आणि मिठाचें सूत्र मीं पस्तीस वर्षें शिकविलें, परीक्षेंत त्याला गुणहि दिले. तीं दोन सूत्रें एकाच फळ्यावर शेजारीं शेजारीं असतांना बाहेर आमचें रान मरत होतें. रसायनशास्त्र हा एक विषय आणि जीवशास्त्र हा दुसरा, अशी जी भिंत वेळापत्रकांत असते, ती मीं डोक्यांतहि बांधून घेतली होती. व्होलरनें ज्या भिंतीला तडा पाडला, तीच ही भिंत.

शहरांत राहणाऱ्या श्रोत्यांस वाटेल, हा प्रश्न शेतकऱ्यांचा. परंतु आपल्या चहांतली साखर ज्या पाण्यावर वाढली, त्या पाण्याचा हिशेब आपलाहि आहे. आपल्या घरीं मुलें असतील, तर एक विनंति करितों. आज रात्रीं स्वयंपाकघरांत त्यांना मिठांतली काकडी आणि पाण्यांतले बेदाणे दाखवा. हळदीची पट्टी करून एकदां लिंबाच्या रसांत आणि एकदां साबणाच्या पाण्यांत बुडवूं द्या. मग त्यांना विचारा, हें असें कां होतें? उत्तर लगेच आलें नाहीं तरी चालेल. प्रश्न त्यांच्याजवळ राहूं द्या. पुढेंमागें त्यांपैकीं एखाद्याच्या ओळखीचें कोणी येऊन, आपलें रान पांढरें पडूं लागलें आहे, असें सांगेल. त्या वेळीं तरी उत्तर देण्यास उशीर होऊं नये.